नाड्यावर बस

माझा असल्या गोष्टींवर विश्वास नव्हता, हे वाक्य या सदरात जवळजवळ प्रत्येकजण लिहितो. म्हणून मी ते टाळणार होतो. पण काय करू... तेच खरं आहे. मी शेतकी कॉलेजात शिकलेला माणूस. माती हातात घ्यावी, चोळावी, तिच्यात वाळू किती आणि चिकण किती ते पाहावं, आणि मगच बोलावं, अशी सवय लागलेली. भूतखेत, भानामती, अंगात येणं यांकडे मी कायम अडाणीपणा म्हणून पाहिलं. आजही पाहतो. फक्त एक दुपार मी त्या हिशेबात कुठेच बसवू शकलेलो नाही.

गोष्ट पंचावन्न-छप्पनच्या सुमाराची. तेव्हा धुळं म्हणजे पश्चिम खानदेश आणि जळगाव म्हणजे पूर्व खानदेश, दोन्ही मुंबई राज्यात. मी मूळचा पहूरजवळच्या एका खेड्यातला. माझे वडील, म्हणजे आबा, एका बागाईतदाराकडे सालदार होते. त्यांचं मुख्य काम मोट हाकण्याचं. आज ज्यांनी मोट पाहिली नसेल त्यांच्यासाठी सांगतो. विहिरीतून पाणी काढायची ती कातड्याची भलीमोठी पिशवी. बैल विहिरीपासून उतारावर चालत जातात, आणि त्यांच्यामागे ताणल्या जाणाऱ्या जाड दोराने मोट वर येते. त्या दोराला आमच्याकडे नाडा म्हणतात. बैल उतरू लागले की मोट हाकणारा त्या ताणलेल्या नाड्यावर चक्क बसतो. त्याचं वजन बैलांच्या मदतीला येतं.

लहानपणी आबा मलाही पुढ्यात घेऊन बसवायचे. "बस रे भाऊ, नाड्यावर बस," म्हणायचे. उतारावरून खाली जाताना पोटात गोळा यायचा आणि वर मोटेचं पाणी धो धो थारोळ्यात पडायचं. आबांच्या मोटेला हिसका नसायचा. ते म्हणत, "हिसका देल्ला का पानी सांडते. बैलाले घाई नसते, मानसाले असते."

त्या पाण्यावर मालकाची केळी वाढली आणि मी शिकलो. मालकाने फी भरायला हात दिला, मास्तरांनी जुनी पुस्तकं दिली, जळगावच्या बोर्डिंगात जेवणाची सोय झाली. आमच्या घरातला मी पहिला ग्रॅज्युएट. मी कॉलेजात असतानाच मालकाच्या विहिरीवर ऑइल इंजिन बसलं. मोट सुटली. मालक भला माणूस, त्याने आबांना काढलं नाही. दुसरी कामं दिली आणि मोटेचा नाडा आठवण म्हणून देऊन टाकला. पण आबा इंजिनाच्या खोलीबाहेर हात मांडीवर ठेवून बसलेले दिसायचे. मला नोकरी लागलेली त्यांनी पाहिली, पुढच्या हिवाळ्यात गेले.

नोकरी बांधबंदिस्तीच्या खात्यात. शेतांचे उतार मोजायचे, बांध कुठे घालायचे ते आखायचं. पश्चिमेकडे, साक्रीच्या पलीकडच्या डोंगराळ गावांत रस्ते नव्हते, फक्त गाडवाटा. म्हणून तंबू घेऊन जायचं आणि आठवडेच्या आठवडे तिकडेच राहायचं. त्यासाठी खात्याला मिलिटरीच्या लिलावातली एक जुनी जीप मिळाली होती, आणि तिच्याबरोबर कासमभाई ड्रायव्हर.

कासमभाई धुळ्याचे. मोटारगाड्यांच्या कामात वाढलेले, शेताचा बांध कधी न ओलांडलेले. चाळिशीचे, बारीक, सतत काहीतरी बोलत राहणारे. माझ्या पहिल्या मोठ्या दौऱ्याआधी त्यांनी मला स्टोअरमध्ये नेलं आणि हत्यारं निवडायला बसवलं.

"साहेब, तंबूत रॉकेल कमी पडलं तर अंधारात झोपू. भाकरी कमी पडली तर उपाशी झोपू. पण हत्यार चुकलं तर झोपायला परत येणार नाही," ते म्हणाले.

मग सुरू झाली ती परीक्षा. कुऱ्हाड उचलायची, दांड्याचं बूड फरशीवर आपटायचं आणि पातं हललं का पाहायचं. स्टोअरकीपरने एक चकचकीत कुऱ्हाड पुढे केली. कासमभाईंनी एकदाच आपटली आणि परत दिली. "आपल्याच पायावर कुऱ्हाड म्हणतात ना साहेब, ती म्हण ह्याच कुऱ्हाडीवरून पडलीय." फावडं त्यांनी आखूड दांड्याचं घेतलं, कारण जीपच्या पोटाखाली लांब दांडा फिरत नाही. मी कुदळ उचलली तर म्हणाले, "मुरमात कुदळ नाचते. टिकाव घ्या." करवत नको, कुऱ्हाड आहे. घण हवा, तंबूच्या खुंट्यांना. जॅक हवा, पण त्याच्याखाली ठेवायला फळीचा तुकडा जॅकच्याही आधी हवा, नाहीतर जॅक जमिनीत आणि गाडी तिथल्या तिथे. आणि पहार. तिला ते सब्बल म्हणत. "ही राणी. गाडी उचकटायची, दगड ढकलायचा, खड्डा करायचा, वेळ पडली तर जमिनीत ठोकून तिला गाडी बांधायची." सगळं लोखंड एका पेटाऱ्यात भरून तो त्यांनी जीपमध्ये सीटांच्या मागे ठेवला.

मी तेव्हा पिशवीतून नाडा काढला.

आदल्या रविवारी मी घरी गेलो होतो, तेव्हा मायने तो बळेच दिला होता. मी हत्यारांचं बोलत होतो तर ती म्हणाली, "हे सारं लोखंड तोडाच्या कामाचं रे भाऊ. खाली गेलेलं वर काढाचं त नाडाच लागते." मी म्हटलं, खात्याचा दोर आहे. ती म्हणाली, "खात्याचा दोर खात्याचा. ह्या तुह्या आबाचा."

स्टोअरकीपर घाटावरचा. त्याने विचारलं, "हे काय?"

"नाडा आहे," मी म्हटलं. "दौऱ्याला न्यायचाय."

तो इतका हसला की टेबल धरावं लागलं. "साहेब, एवढा नाडा? पायजमा हत्तीचा शिवलाय का?"

कासमभाईही हसले. पण मोटेचा दोर म्हणजे काय ते मी सांगितल्यावर त्यांनी तो हातात घेऊन पीळ पाहिला आणि म्हणाले, "माल चांगला आहे. पण आत जागा नाही." मग त्यांनी तो जीपच्या मागे, बाहेर लावलेल्या जादा चाकाभोवती गुंडाळून बांधला. त्या दिवसापासून सबंध ऑफिसात मी 'नाडेवाले साहेब' झालो.

आखाजीच्या सुमाराला आमचा मुक्काम पिंपळनेरच्या पुढे, डोंगराच्या कुशीतल्या एका वस्तीजवळ होता. आखाजी म्हणजे अक्षय तृतीया. आमच्या खानदेशात तिला दिवाळीपेक्षा जास्त मान. सासुरवाशिणी माहेरी येतात, झोके बांधले जातात, आणि घरातल्या गेलेल्या माणसांच्या नावाने पाण्याची घागर भरतात. घागरीवर डांगर ठेवतात, म्हणजे तुमचं खरबूज. आबा गेल्यानंतरची ती पहिली आखाजी. घागर मुलाने भरायची असते. पण पाऊस तोंडावर आला होता, आखणी पुरी व्हायला हवी होती, आणि तिथून पहूर म्हणजे सबंध खानदेश ओलांडायचा. मी मायला कळवलं की तूच भर.

आखाजीच्याच दिवशी दुपारी जेवून आम्ही पलीकडच्या टेकडीकडे निघालो. मी, कासमभाई आणि खलाशी देवराम, तिकडचाच, मोजणीची साखळी धरणारा. वाट एका नाल्याच्या काठाने जात होती. नाला कोरडा ठणठणीत, पण खोल. एकावर एक दोन माणसं उभी मावतील इतका. काठ मुरमाचा होता. जीप हलकी करायला मी आणि देवराम उतरून मागून चालत होतो.

एका वळणावर काठ खचला. आवाजसुद्धा फार झाला नाही. जीपची पुढची दोन्ही चाकं हवेत गेली आणि ती पोटावर टेकून नाल्यात वाकून थांबली. मी ओरडलो, "कासमभाई, उडी मारा!"

"कशी मारू?" आतून आवाज आला. "पेटारा पायावर आलाय!"

सगळं लोखंड — पहार, टिकाव, घण, जॅक — पेटाऱ्यासकट दोन सीटांमधून पुढे घसरलं होतं आणि त्यांचा पाय क्लचपाशी चेपला गेला होता. एवढ्या निवडीने घेतलेली हत्यारं... आणि त्यातलं एकही हाताला येणार नव्हतं. कासमभाई हलले की जीप हलत होती. काठाचा मुरूम खाली गळत होता, तो मला ऐकू येत होता.

बाहेर होता तो फक्त नाडा.

मी देवरामला ओरडलो, "वस्तीवर जा! माणसं आण, बैल आण!"

"मी जास साहेब, बैल लई येस!" म्हणत तो टेकडीच्या उताराने वस्तीकडे धावला.

मी चाकावरून नाडा सोडला. एक टोक मागच्या हुकाला बांधलं. वाटेच्या अलीकडे एक जुनं अंजनाचं झाड होतं, त्याच्या बुंध्याला दोन वेढे दिले. झाडामागून जमीन उतरत होती, देवराम गेला त्याच बाजूला. आता गाठ मारायची. पण गाठ मारायला एक हात सोडला की नाडा सरकायचा आणि जीप नाल्याकडे झुकायची. पुन्हा दोन्ही हातांनी धरायचं. तळहात सोलून निघाले. ताकद मोजकीच होती माझी.

आतून कासमभाई म्हणत होते, "साहेब... सोडू नका हां. सोडू नका." मग म्हणाले, "धाकटीचं लग्न व्हायचंय अजून." ते माझ्याशी बोलत होते का आणखी कोणाशी, कळलं नाही.

मला उत्तर देता येत नव्हतं. घसा असा कोरडा पडला होता की जीभ टाळूला चिकटलेली. हे मुद्दाम सांगतो, कारण पुढे त्याचं काम आहे. मी त्या वेळी एक शब्दही बोललो नाही.

आणि मग नाड्याने माझ्या हातात ओढ घेतली. जीपकडे नाही... उलट बाजूला.

माझ्या मागे नाड्याचं मोकळं शेपूट उतारावर पडलेलं होतं. ते उचललं गेलं, सरळ झालं आणि ताणलं. मी मान वळवून पाहिलं. भर दुपारचं ऊन, वाळलेलं गवत, आणि त्यावरून नाडा सरळ रेषेत उताराच्या कडेपर्यंत जाऊन पलीकडे दिसेनासा झालेला. माणूस नाही, जनावर नाही. देवराम इतक्यात आला? बैल मिळाले? मी एवढाच विचार केला. भीतीबिती काही वाटली नाही. खरं तर सुटल्यासारखं वाटलं.

पुढचं सांगताना आजही मला स्वतःचीच शंका येते. मी नाड्यावर बसलेला होतो. कधी बसलो, का बसलो, आठवत नाही. तोल जाऊन बसलो असेन. नाडा बुंध्याभोवतीची साल घासत फिरत होता, मी त्याच्याबरोबर उतारावरून खाली सरकत होतो आणि पोटात तोच लहानपणीचा गोळा. ओढ एकसारखी. सावकाश. हिसका नाही... एकही हिसका नाही. झाडापलीकडे जीप मागे मागे येत होती, आणि मला दिसत होतं की तिची पुढची चाकं काठावर चढली.

मग नाडा ढिला पडला. मी गवतात बसलेला.

धावत जाऊन चाकांना दगड लावले. पेटारा उघडून एकेक हत्यार बाहेर फेकलं आणि कासमभाईंचा पाय मोकळा केला. नडगी मोडली होती, पण माणूस शाबूत. त्यांना अंजनाच्या सावलीत टेकवलं आणि हुकाचा नाडा सोडायला गेलो.

हुकाचं टोक ओलं होतं.

ओलसर नव्हे. ओलं. त्यातून पाणी ठिबकत होतं आणि खालच्या मुरमावर काळा डाग पडला होता. मी रेडिएटर पाहिला, तो पुढे, धड होता. पाण्याचा डबा आत, झाकण घट्ट. नाल्यात थेंब नाही. घाम म्हणावा तर माझे हात दुसऱ्या बाजूला होते. नाड्याचं हे टोक काळं पडलेलं असतं, वर्षानुवर्षं मोटेच्या कातड्याला लागून. विहिरीकडचं टोक ते. मी घाईत तेच नेमकं जीपला बांधलं होतं.

तेवढ्यात देवराम आला, चार माणसं आणि एक बैलजोडी घेऊन. त्याच उतारावरून. मी विचारलं, "आधी कोणाला पाठवलं होतंस?"

"कोनले नही साहेब."

"खाली कोण होतं? नाडा कोणी ओढला?"

ते आले होते त्याच उताराकडे त्याने बोट दाखवलं. "आम्ही तठूनच उनूत ना साहेब. कोनी भेटनं नही." माणसांनीही माना हलवल्या. मग देवराम जीपकडे पाहून म्हणाला, "तुम्ही येकटाच काढी?"

कासमभाईंच्या पायाला आखणीच्या खुंट्या बांधून त्यांना वस्तीवरच्या बैलगाडीत घातलं. पिंपळनेरच्या वाटेवर मी त्यांच्याजवळ बसलो होतो. चाक खड्ड्यात गेलं की ते पाय घट्ट धरत. मग म्हणाले, "साहेब, एक विचारू? रागावणार नाही ना?"

"विचारा."

"मी मरायला टेकलोय, आणि तुम्ही हे काय ओरडत होता? नाड्यावर बस, नाड्यावर बस... अरे, दोरावर कोणी बसतं का? मला वाटलं, भीतीने पोराचं डोकं फिरलं."

मी विचारलं, "नक्की काय ऐकलंत?"

त्यांनी डोळे मिटून आठवलं. "बस रे भाऊ, नाड्यावर बस. दोनदा. मग म्हटलं, हा मला भाऊ कधीपासून म्हणायला लागला? कासमभाई म्हणतो ना नेहमी."

मोटेचा दोर म्हणजे नाडा, हे मी त्यांना सांगितलं होतं. त्यावर बसतात, हे मी त्यांना कधीही सांगितलं नव्हतं. आबांचं ते वाक्य तर ऑफिसात काय, कॉलेजातही कोणाजवळ उच्चारलं नव्हतं. आणि विचित्र म्हणजे, तो आवाज मी ऐकलाच नाही. मी फक्त बसलो.

माझ्या वरच्या साहेबांना मी रिपोर्ट दिला तो सरळ दिला: जीप घसरली, दोराने धरली, मागे आली. ते विचार करून म्हणाले की पेटारा हलला असेल, वजन मागे पडलं असेल, आणि झाडाच्या वेढ्यांनी बाकीचं काम केलं असेल. मी पुष्कळ दिवस ते मनाशी जुळवून पाहिलं. पण पेटारा मी स्वतः कासमभाईंच्या पायावरून काढला... तो हललाच नव्हता. वेढे गाडी धरतात, ओढत नाहीत. कासमभाईंनी वेदनेत भलतंच ऐकलं म्हणावं, तर भलतंच नेमकं तेच कसं ऐकलं? आणि पाणी? त्यावर कोणी काही बोलत नाही.

पहिली रजा मिळाली तेव्हा घरी गेलो आणि मायला सगळं सांगितलं. ती भाकरी थापत होती. मला वाटलं रडेल, दृष्ट काढेल. तिने भाकरी तव्यावर टाकली, पाण्याचा हात फिरवला आणि विचारलं, "त्या डायवरचा पाय बसला का?"

"बसला. काठी घेऊन चालतात."

"मंग झालं." थोड्या वेळाने तव्याकडेच पाहत म्हणाली, "इंजिन आलं तवापासून तुह्या आबाच्या हाताले काम नव्हतं रे भाऊ. मोटंवरचा मानूस असा बसून ऱ्हातो का? लागलं बापा एकदा हाताले काम."

एवढंच. तिने भाकरी उलटली.

कासमभाईंनी धाकटीचं लग्न थाटात केलं. मांडवात मला हाताला धरून पाहुण्यांपुढे उभं केलं आणि ओळख करून दिली, "हे आमचे नाडेवाले साहेब." कोणी हसलं की ते रागवायचे. आणि त्यानंतर दरवर्षी, आखाजीच्या आदल्या दिवशी, धुळ्याहून एस. टी.ने एक डांगर यायचं. कंडक्टर पहूरच्या स्टँडवर उतरवून द्यायचा. कधी गोड निघायचं, कधी अगदीच पाणचट. मी एकदा त्यांना म्हटलं, "कासमभाई, तुमच्यात पितरं नाहीत, घागर नाही. तुम्ही कशाला हे मानता?"

ते म्हणाले, "मी कुठे मानतो साहेब? पण हाक तर मीच ऐकली ना."

आता ते नाहीत, मायही नाही. डांगर त्यांचा मुलगा पाठवतो. नाडा माझ्याकडे आहे, माळ्यावर. दर आखाजीला घागर भरायच्या आधी मी तो खाली काढतो आणि ते काळं टोक हातात धरून पाहतो. कोरडं असतं. इतक्या वर्षांत एकदाही ओलं सापडलेलं नाही. त्या दिवशी ते का ओलं होतं, हे मला आजही सांगता येत नाही. कोणाला सांगता आलं तर मी ऐकायला तयार आहे. तोवर मी घागर काठोकाठ भरतो... आणि ओतताना हिसका देत नाही.